घोडं कुठं पेंड खातं ते आधी बघा

बारावीला इंटिग्रेशनचं गणित अडलं की आपल्याकडं मुलांना तीन गोष्टी ऐकवल्या जातात. टाइप ओळख, मग सगळं सुटतं. दोन मिनिटांत जमलं नाही तर सोल्यूशन बघ आणि पुढचं घे. तिसरी गोष्ट मुलाला सांगत नाहीत, त्याच्या वडिलांना बाजूला घेऊन सांगतात : इंटिग्रेशन सुचावं लागतं हो, सगळ्यांचं डोकं तसं नसतं. काटेवाडीतून बारामतीला कॉलेज-क्लासला जाणारं पोर जून ते फेब्रुवारीत या तिन्ही गोष्टी पुरत्या ऐकतं, आणि त्या एकमेकींना छेद देतात हे त्याच्या लक्षातही येत नाही. टाइप ओळखूनच सगळं सुटत असेल तर सुचायचं काय उरलं? आणि सुचावंच लागत असेल तर दुसऱ्यानं सोडवलेलं वाचून ते सुचायला लागेल कसं?

माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. अडल्यानंतर करायच्या गोष्टी असतात, त्या मोजक्या आहेत, त्या शिकवता येतात, आणि आपण त्या शिकवत नाही. ‘सोल्यूशन बघ’ हा सल्ला तर बरोबर त्याच जागी कुलूप घालतो.

समोरच्यांची बाजू पोकळ नाही, म्हणून आधी ती पुरती मांडतो. एमएचटी-सीईटीच्या गणिताच्या पेपरात ५० प्रश्न आणि ९० मिनिटं असतात. म्हणजे एका प्रश्नाला १०८ सेकंद. चुकलं तर गुण कापत नाहीत, त्यामुळं एकही प्रश्न मोकळा सोडायचा नसतो. बोर्डाचा पेपर ८० गुणांचा, तीन तासांचा. गणिताच्या दुसऱ्या भागात आठ प्रकरणं. त्यातली तीन नावानंच इंटिग्रेशनची, आणि चौथं, डिफरन्शियल इक्वेशनचं, इंटिग्रेशनशिवाय एक पाऊल पुढं सरकत नाही. क्लासच्या सरांसमोर एका बॅचला बाकं भरून पोरं. आणि ही पोरंही रिकामी नसतात. सकाळची एसटी, कॉलेज, क्लास, घरी आल्यावर जनावरं. कालव्याच्या पाण्याची पाळी रात्रीची आली तर दारं धरायला रानात जायचं. अशा मुलाला ‘एका गणितापाशी तासभर बस, त्यातच खरी मजा आहे’ असं सांगणारा माणूस बहुधा दारं न धरता मोठा झालेला असतो. हा टोमणा मला मान्य आहे.

पण १०८ सेकंदांचा हिशोब नीट मांडला तर तो माझ्याच बाजूनं निघतो.

गणिताच्या शिक्षणाचा आयुष्यभर अभ्यास करणारे अमेरिकेतले ॲलन शोनफेल्ड यांनी एक प्रसंग नोंदवून ठेवला आहे. कॅल्क्युलसच्या परीक्षेत पहिलंच गणित, मुलांना धीर यावा म्हणून, मुद्दाम सोपं घातलं होतं : वर एक्स, खाली एक्स-स्क्वेअर वजा ९. छेदाचं डेरिव्हेटिव्ह दोन एक्स, आणि अंशात एक्स आहेच. एक सबस्टिट्यूशन, दोन ओळी, मिटलं. १७८ विद्यार्थ्यांपैकी ४४ जणांनी छेदाचे अवयव पाडून पार्शल फ्रॅक्शनचा रस्ता धरला. १७ जणांनी तर एक्सच्या जागी ३ साइन थीटा घातलं. दोन्ही रस्ते उत्तरापर्यंत जातात, म्हणून चूक कुणीच दाखवणार नाही. पण धीर देण्यासाठी घातलेल्या गणितानंच पुढच्या गणितांचा वेळ खाल्ला.

ही मुलं टाइप ओळखण्यात कमी पडली नव्हती. त्यांनी टाइप ओळखला होता, हाच तर घोळ झाला. दोन वर्गांची वजाबाकी दिसली की अवयव, हे त्यांच्या हातात बसलेलं होतं. पेन टेकवण्याआधी ‘याहून सोपं काही आहे का’ एवढं विचारायची सवय तेवढी नव्हती. तो प्रश्न विचारायला पाच सेकंद लागतात आणि न विचारल्याची किंमत पाच मिनिटं असते. वेळ वाचवायचा म्हणून टाइप पाठ करून घेणाऱ्यांनी हा व्यवहार एकदा कागदावर मांडून बघावा. शोनफेल्ड यांनी १९७८ साली इंटिग्रेशन हाताळायची एक साधी शिस्तही लिहून ठेवली आहे : आधी सोपं करून बघा, मग वर्ग ठरवा, आणि तरी अडलं तर गणिताचं रूप बदला. म्हणजे टाइप दुसऱ्या क्रमांकावर, आणि त्यापुढंही एक पायरी शिल्लक. आपल्याकडं पहिली पायरी टाइप आणि शेवटचीही टाइपच. त्यात बसलं नाही की मुलगा सरळ गच्चीवरून खाली.

आता हा टाइप मुलाला ओळखता येतो, हे तरी खरं आहे का? आपल्या पाठ्यपुस्तकात स्वाध्याय ३.३ म्हणजे बाय पार्ट्स, ३.४ म्हणजे पार्शल फ्रॅक्शन. मुलानं ३.३ मधली सगळी गणितं धडाधड सोडवली की घरचे खूश, सर खूश, तो स्वतःही खूश. पण त्यानं ओळखलं काय? कोणती पद्धत वापरायची ते स्वाध्यायाच्या डोक्यावर छापलेलं होतं. त्यानं फक्त ती चालवली. इंटिग्रेशनमध्ये पद्धत चालवणं हे हमालीचं काम. निवडणं हे खरं काम. ते करायची पहिली वेळ मिसलेनियस एक्सरसाइजमध्ये येते, आणि तोवर डिसेंबर उजाडलेला असल्यामुळं ती एक्सरसाइज ‘घरी करा’ म्हणून सोडून दिली जाते. मग सीईटीच्या संगणकासमोर, डोक्यावर काहीही न छापलेलं गणित बघून, मूल गडबडतं आणि आपण म्हणतो सराव कमी पडला.

सराव कमी पडलेला नसतो, तो चुकीच्या क्रमानं झालेला असतो. डग रोहरर आणि केली टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग इथं ध्यानात घ्यावा. वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायचं. एका गटाला एकेका प्रकारची गणितं सलग दिली, दुसऱ्याला सगळी मिसळून. सराव चालू असताना सलगवाले पुढं होते : ८९ टक्के बरोबर, मिसळवाले ६०. आठवड्यानं परीक्षा घेतली तर सलगवाले २० टक्क्यांवर घसरले आणि मिसळवाले ६३ वर होते. क्लासच्या पहिल्या चाचणीत दिसणारं यश आणि मे महिन्यातला निकाल यांच्यामध्ये जे गायब होतं, ते बहुतेक असंच गायब होत असावं. तो प्रयोग घनफळांचा होता, इंटिग्रेशनचा नव्हता, हे मला ठाऊक आहे. पण ‘कोणतं सूत्र’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याची गरज इंटिग्रेशनमध्ये जास्तच आहे, कमी नाही.

कारण इथं दिसण्यावर जाऊन चालत नाही. तीन गणितं घ्या. पहिलं : एक्स गुणिले ई रेज टू एक्स. दुसरं : एक्स गुणिले ई रेज टू एक्स-स्क्वेअर. तिसरं : नुसतं ई रेज टू एक्स-स्क्वेअर. तिन्ही सख्खी भावंडं दिसतात. पहिलं बाय पार्ट्सनं जातं. दुसऱ्यात पार्ट्स लावाल तर बुडाल. तिथं एक्स-स्क्वेअरला टी म्हटलं की बाहेरचा एक्स आपोआप कामाला येतो आणि ओळीत उत्तर. तिसरं दुसऱ्यापेक्षा सोपं दिसतं, एक एक्स कमी झाला आहे ना. प्रत्यक्षात ते आपल्या ओळखीच्या फंक्शनांत सुटतच नाही, आणि हे एकोणिसाव्या शतकातच फ्रेंच गणिती लिऊव्हिल यांच्या कामातून सिद्ध झालं आहे. डेरिव्हेटिव्हचं तसं नसतं. तिथं कितीही राक्षसी राशी आली तरी नियम लावत गेलं की उत्तर मिळतंच. म्हणून डेरिव्हेटिव्हमध्ये टाइप पाठ करणारा तरून जातो आणि त्याच भरवशावर तो पुढच्या प्रकरणात शिरतो.

‘लायेट’चंही ऐका. बाय पार्ट्समध्ये कुणाला पहिलं घ्यायचं याचा हा पाच अक्षरांचा मंत्र : लॉग, इन्व्हर्स, अल्जिब्राइक, ट्रिग, एक्स्पोनेन्शियल. हर्बर्ट कासुबे यांनी १९८३ साली एका गणिताच्या मासिकात दोन पानांच्या टिपणात तो मांडला. चांगला इशारा आहे, दहातल्या नऊ वेळा उपयोगी पडतो. आमच्याकडं मात्र त्याचा कायदा झाला. एक्स-क्यूब गुणिले ई रेज टू एक्स-स्क्वेअर द्या आणि बघा. मंत्र सांगतो एक्स-क्यूब पहिलं. मग दुसऱ्याचं, म्हणजे ई रेज टू एक्स-स्क्वेअरचं, इंटिग्रेशन करायचं. जे होत नाही. मुलगा वीस मिनिटं तिथं कुढत बसतो. एक्स-क्यूबमधला एकच एक्स काढून ई च्या शेजारी बसवला आणि एक्स-स्क्वेअर वेगळा ठेवला की वाट मोकळी होते. हे कळायला मंत्र लागत नाही. ‘यातल्या कुठल्या तुकड्याचं इंटिग्रेशन मला खरोखर येतं?’ एवढा प्रश्न लागतो.

दुसऱ्या सल्ल्याकडं वळतो, ज्याच्यावर माझा खरा राग आहे.

सोल्यूशन म्हणजे सगळी खोडाखोड पुसून उरलेला मजकूर. तो बरोबर असतो, म्हणूनच फसवतो. सेक एक्सचं इंटिग्रेशन घ्या. पुस्तकात पहिल्या ओळीत लिहिलेलं असतं : सेक एक्स अधिक टॅन एक्सनं गुणा आणि भागा. दुसऱ्या ओळीत अंश हे छेदाचं डेरिव्हेटिव्ह झालेलं असतं, तिसऱ्या ओळीत लॉग. जादू. ही पहिली ओळ कुठून आली? उत्तर आधी माहीत असलेल्या माणसानं ती उलट्या बाजूनं आणली. ती वाचून मुलगा एकच गोष्ट शिकतो : असं काहीतरी सुचणारे लोक असतात आणि मी त्यातला नाही.

आता खरी हकिगत बघा. १५६९ साली मर्केटरनं दर्यावर्दी लोकांसाठी नकाशा काढला. त्यात वर जाताना अक्षांशांमधलं अंतर वाढवत न्यावं लागतं, आणि किती वाढवायचं ते म्हणजेच सेकचं इंटिग्रेशन. सूत्र कुणाकडंच नव्हतं. १५९९ साली एडवर्ड राइट या इंग्रज गणितीनं बारीक बारीक पायऱ्यांनी सेकच्या किमतींची बेरीज करून कोष्टकं छापली. म्हणजे अडला, तेव्हा पट्ट्या मोजल्या. १६४० च्या दशकात नौकानयन शिकवणाऱ्या हेन्री बाँडच्या लक्षात आलं की राइटच्या कोष्टकातले आकडे लॉग-टॅनच्या कोष्टकातल्या आकड्यांशी जुळतात. नुसती जुळणी, कारण माहीत नाही. सिद्धता १६६८ साली जेम्स ग्रेगरीनं दिली, तीही किचकट. १६७० साली आयझॅक बॅरोनं सोपी वाट काढली. आजच्या भाषेत सांगायचं तर वर-खाली कॉसनं गुणा; खाली एक वजा साइन-स्क्वेअर येतं; साइनला टी म्हणा; पार्शल फ्रॅक्शन. यातली एकही पायरी आभाळातून पडत नाही. बारावीचं पोर ‘छेदात कॉस आहे, तोच वर असता तर साइनचं डेरिव्हेटिव्ह म्हणून कामाला आला असता’ असं म्हणत म्हणत तिथपर्यंत पोचू शकतं.

राइटच्या कोष्टकापासून ग्रेगरीच्या सिद्धतेपर्यंत जवळजवळ सत्तर वर्षं गेली. हुशार माणसं अडली होती, आणि अडलेली असताना मोजत होती, ताडून बघत होती, अंदाज करत होती. आपण ही सत्तर वर्षं एका ओळीत कोंबतो आणि मुलाला ती दोन मिनिटांत सुचली नाही म्हणून पान उलटायला सांगतो. (हा विषय काटेवाडीपासून लांबचा वाटत असेल तर फोनवर नकाशा उघडा. फोनवरचे बहुतेक नकाशे मर्केटरच्या रीतीवरच बेतलेले असतात. काटेवाडी साधारण १८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. विषुववृत्तापासून तिचं अंतर पृथ्वीच्या त्रिज्येच्या ०.३१४२ पट, नकाशावर ती दाखवली जाते ०.३१९५ पटीवर. हा दुसरा आकडा म्हणजे सेकचं शून्य ते १८ अंश इंटिग्रेशन.)

मग अडल्यावर करायचं काय? संध्याकाळी गावातली मुलं वह्या घेऊन येतात तेव्हा माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : घोडं कुठं पेंड खातंय ते मराठीत एका वाक्यात सांग. ‘येत नाही’ हे उत्तर चालत नाही. नेमकं काय नको आहे? समजा गणित आहे : एक भागिले, एक अधिक रूट एक्स. थोडं कुरकुरून मुलगी म्हणते, “तो रूट नको, काका.” नको ना, मग त्याचंच नाव बदल, रूट एक्सला टी म्हण. डीएक्सच्या जागी दोन टी डीटी येतं, आणि समोर उभं राहतं दोन टी भागिले एक अधिक टी. आता काय नको? “वर पण टी आहे आणि खाली पण.” मग अंशात एक मिळव, एक वजा कर. सुटलं. सबस्टिट्यूशन कुठलं घ्यायचं हे तिनं पाठ केलेलं नव्हतं. तिनं अडचणीला नाव दिलं आणि तेच नाव सबस्टिट्यूशन ठरलं. दर वेळी इतकं सरळ जात नाही हे कबूल. पण हे वाक्य कागदावर आल्याशिवाय सोल्यूशनचं पान उलटणं म्हणजे दुखतं कुठं ते न सांगता मेडिकलमधून गोळी आणणं.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यांत मोलाची : उत्तराचा अंदाज करा आणि त्याचं डेरिव्हेटिव्ह काढा. लॉग एक्सचं इंटिग्रेशन घ्या. मुलं अडतात, कारण पार्ट्सला दोन माणसं लागतात आणि इथं लॉग एकटाच. सोल्यूशन म्हणतं, एक गुणिले लॉग एक्स समजा. तो एक कुठून आला असं विचारलं की उत्तर मिळतं, तसंच करायचं असतं. त्यापेक्षा असं बघा. उत्तरात लॉग एक्स तर टिकायला हवा; मग एक्स लॉग एक्स असेल का? डेरिव्हेटिव्ह काढू : लॉग एक्स अधिक एक. जवळ आलो, एक जास्त आला. तो घालवायचा तर एक्स वजा करा. उत्तर : एक्स लॉग एक्स वजा एक्स. ना पार्ट्स, ना मंत्र. चुकीचा अंदाज स्वतःच सांगतो आपण कितीनं चुकलो. इंटिग्रेशन येत नसलेल्या मुलाला डेरिव्हेटिव्ह येत असतं, आधीच्याच प्रकरणात त्यानं ते घोटलेलं असतं. हातातलं हे हत्यार तो वापरत नाही, कारण अंदाज करणं म्हणजे ‘तुक्का’, आणि तुक्का मारणं वाईट, हे त्याच्या मनात भरलेलं असतं.

गंमत अशी, की सीईटीच्या क्लासमध्ये नेमकी हीच गोष्ट शॉर्टकट म्हणून शिकवतात : चार पर्यायांचं डेरिव्हेटिव्ह काढा, जुळेल तो टिकवा. म्हणजे समोरच्यांनाही मान्य आहे की उलटी वाट जास्त भरवशाची. मग पर्याय छापलेले नसताना, बोर्डाच्या पेपरात, मुलानं स्वतःच पर्याय तयार करून तपासले तर बिघडलं काय?

काही वेळा तर अडल्याची खूण हीच सुटल्याची खूण असते. ई रेज टू एक्स गुणिले साइन एक्स. पार्ट्स लावा, कॉस येतो. पुन्हा लावा, साइन परत येतो, तोच मूळचा इंटिग्रल, उणे चिन्हासकट. इथं निम्मी पोरं वही मिटतात : “फिरून तिथंच आलं.” अरे, फिरून आलं म्हणूनच सुटलं. त्याला आय म्हण, डावीकडं ने, दोनानं भाग. मात्र दुसऱ्या फेरीत भूमिका बदलल्या, म्हणजे पहिल्यांदा साइनला पहिलं धरलं होतं आणि आता ई ला धरलं, तर खरोखरच जिथून निघालो तिथं पोचतो. हाती शून्य बरोबर शून्य. या दोन ‘तिथंच’मधला फरक सोल्यूशनमध्ये दिसत नाही. तो स्वतः एकदा चुकीच्या फेरीत फिरल्यावरच दिसतो.

आता समोरच्यांचं सर्वांत आवडतं गणित घेतो, म्हणजे पक्षपात नको. वर साइन, खाली साइन अधिक कॉस, मर्यादा शून्य ते ९० अंश. टाइप माहीत असलेलं मूल एक्सच्या जागी ९० वजा एक्स घालतं, दोन्हींची बेरीज केली की एक उरतो, उत्तर पाय भागिले चार. पंधरा सेकंद. सुंदर. इथं टाइपनं काम केलं, मी टोपी काढतो. आता वरची मर्यादा ९० ऐवजी ६० करा. तेच मूल त्याच वेगानं पाय भागिले सहा लिहून मोकळं होतं, आणि ते चूक आहे. साठमधून वजा केल्यावर साइनचा कॉस होत नाही. जोडी जमतच नाही. नुसता आलेख डोळ्यांसमोर आणला तरी शंका यायला हवी होती : शून्य ते ४५ पर्यंत साइन कॉसपेक्षा लहान, म्हणजे राशी अर्ध्याहून कमी, ४५ ते ६० एवढ्याशा तुकड्यात ती अर्ध्याच्या वर. मग एकूण बेरीज साठच्या निम्मी कशी असेल? कमीच हवी. आणि कमीच आहे : पाय भागिले सहा, त्यातून लॉगचं एक छोटं पद वजा. अंशातल्या साइनला ‘अर्धा छेद, वजा छेदाच्या डेरिव्हेटिव्हचा अर्धा’ असं लिहिलं की ते पद हातात येतं. टाइप पाठ असलेल्या मुलाला इथं आपण अडलो आहोत हेच कळलं नाही. अडलेला मुलगा निदान थांबतो तरी.

तिसऱ्या म्हणण्याला, म्हणजे ‘सुचावं लागतं, डोकं लागतं’ याला, उत्तर एका यंत्रानं १९६१ सालीच देऊन ठेवलं आहे. एमआयटीत मार्विन मिन्स्की यांच्या हाताखाली पीएच.डी. करणाऱ्या जेम्स स्लॅगल यांनी ‘सेंट’ नावाचा प्रोग्रॅम लिहिला. काम एकच, इंटिग्रेशन. एमआयटीच्या पहिल्या वर्षाच्या परीक्षांमधली गणितं त्याला दिली. दोन सोडून बाकी सगळी त्यानं सोडवली. त्या काळच्या संगणकाला ना डोकं होतं ना प्रतिभा, आणि पाठ असलेली सूत्रं म्हणाल तर पंचवीसच्या आसपास. आपल्या क्लासच्या नोट्समध्ये त्याहून जास्त निघतील. मग जोर कशात होता? अडलं की तो शक्य असलेल्या वाटांची यादी करायचा. कुठल्या वाटेनं पुढचं गणित जास्त सोपं दिसतं ते ताडायचा. त्या वाटेनं थोडं जायचा, गुंता वाढला तर ती तशीच ठेवून दुसरी धरायचा, आणि सोडलेली वाट विसरायचा नाही. आपलं मूल नेमकं याच्या उलट वागतं : एक वाट धरली की दोन पानं भरेपर्यंत सोडत नाही, आणि सोडली की सगळंच सोडतं. यातलं काही जन्मजात आहे असं मला तरी दिसत नाही. वडिलांना बाजूला घेऊन सांगण्यासारखं तर मुळीच नाही.

‘आता फोनच इंटिग्रेशन करून देतो, मग हा आटापिटा कशाला’ असं म्हणणाऱ्यांशी फार वाद घालत नाही. त्यांना एवढंच सांगतो की फोनलाही ई रेज टू उणे एक्स-स्क्वेअरचं सूत्र देता येत नाही. शून्य ते एकपर्यंत चार पट्ट्या पाडून सिम्प्सनच्या नियमानं हातानं केलं तर ०.७४६९ येतं, खरी किंमत ०.७४६८. सूत्र नाही म्हणून उत्तर नाही, असं नसतं. नीरा डावा कालवा ५०० क्युसेकनं २३ दिवस चालला की जवळजवळ एक टीएमसी पाणी जातं. पण आवर्तनात विसर्ग कधी एकसारखा राहतो का? वाढतो, घटतो, मध्येच कमी करतात. मग दिवसाचा विसर्ग गुणिले ८६,४०० सेकंद, आणि सगळ्या दिवसांची बेरीज. बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याला या बेरजेचं महत्त्व कुणी समजावून सांगायला नको. पाणी शेवटच्या चारीपर्यंत पोचलं की नाही यावरून इथं भांडणं होतात. त्याच्या मुलाला मात्र इंटिग्रेशन म्हणजे बेरीज हे बारावी संपेपर्यंत कुणी सांगितलेलं नसतं. सांगितलं असतं तर ६० अंशांचं ते गणित बघून त्याच्या डोक्यात घंटा वाजली असती.

माझ्या बाजूला उभं राहू पाहणाऱ्या काही मंडळींनाही दूर करायला हवं. ‘सोल्यूशन बघूच नका, झुंजा, रात्र काढा, सकाळी आपोआप सुचेल’ असं सांगणारे जुने मास्तर आहेत. ऐकायला छान वाटतं. पण कोऱ्या कागदाकडं बघत बसणं म्हणजे झुंजणं नव्हे. पेन हलत नसेल तर ती नुसती शिक्षा, आणि ती भोगणारं मूल पुढच्या वर्षी गणित सोडून देतं. पेन हलतं ठेवून पाच-सात मिनिटं द्यावीत : अडचणीचं वाक्य, एक अंदाज, त्याचं डेरिव्हेटिव्ह, दोन वाटा. तरी नाही निघालं तर सोल्यूशन उघडावं, जरूर उघडावं, पण पट्टी ठेवून फक्त पहिली ओळ वाचावी आणि पुन्हा झाकावं. गणित सुटल्यावर समासात एक वाक्य लिहावं : ही पहिली ओळ मला कशावरून सुचली असती? या वाक्याचं उत्तर सापडत नसेल तर ते सोल्यूशन वाईट आहे, दुसरं शोधावं. सेक अधिक टॅनवालं असंच फेकून द्यायच्या लायकीचं.

क्लास चालवणाऱ्यांचा यावर एक आक्षेप येतो, आणि तो गणिताचा नाही, धंद्याचा आहे. फळ्यावर सर अडलेले दिसले, खोडताना दिसले, ‘हे जमत नाही, दुसरं बघू’ म्हणाले, तर पोरं पुढच्या महिन्यात दुसरा क्लास लावतील. लावतीलही. पालक फी भरतात ती न अडणाऱ्या सरांसाठी. पण न अडणाऱ्या सरांकडून मुलाला न अडायला शिकता येत नाही. ते आधीच सोडवून आलेले असतात, एवढंच त्यातलं गुपित. म्हणून मागणी लहानच ठेवतो. आठवड्यातून एक गणित मुलांनी आणावं, सरांनी आधी न पाहिलेलं, आणि सरांनी ते तिथंच, सगळ्यांसमोर, मोठ्यानं बोलत सोडवावं. चुकलेली वाट पुसू नये, बाजूला चौकट करून ठेवावी. आणि मिसलेनियस एक्सरसाइज डिसेंबरपर्यंत न थांबवता ३.३ संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून रोज दोन गणितं, क्रम मोडून द्यावीत. यात सिलॅबस मागं पडत नाही, जादा तास लागत नाही, फीसुद्धा वाढवावी लागत नाही.